पाव मात्रा पुढे

मिरजेच्या नादविज्ञान प्रयोगशाळेत त्या सकाळी काडेपेटीएवढ्या एका डबीवरून वाद चालला होता.

"दोन्ही खाचा सारख्याच का?" डॉ. मृदुला पटवर्धन यांनी डबी उलटी करून विचारले.

"नियम आहे मॅडम," शकील सतारमेकर म्हणाला. "आता सगळ्या यंत्रांना एकाच आकाराची खाच. म्हशीचं दूध काढायच्या यंत्रालासुद्धा हीच. मी लाल ठिपका दिलाय बघा. ठिपक्याच्या खाचेत आवाजाची तार, बाहेरचा आवाज आत आणणारी. वीज दोन्हींतून जाते, पण बिनठिपक्याच्या खाचेत नुसती वीजच."

"म्हणजे एक खाच ज्ञानाची आणि एक अन्नाची," समोरच्या खुर्चीतून अच्युतबुवा कागवाडकर म्हणाले. त्यांना ऐकू गेले होते म्हणून नव्हे. शकीलने बोललेले समोरच्या पडद्यावर अक्षरांत उमटत होते, ते वाचून म्हणाले.

शकील हसला. त्याच्या घरात पाच पिढ्या सतारी बनत आल्या होत्या. घोडीवरची जवारी घासायचे सोडून हा विजेच्या नादी लागला म्हणून त्याचे अब्बा दोन वर्षे त्याच्याशी धड बोलले नव्हते. बुवांच्या कामावर तो आहे असे कळले, तेव्हा मात्र त्यांनी आपण होऊन विचारले, "कान लागला का बुवांचा?"

बुवांचे वय एक्काहत्तर. आतल्या कानातल्या नाजूक केसांनी साथ सोडली होती. साधे श्रवणयंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करते. तबला, पेटी, झांजा, मागच्या रांगेतला खोकला, सगळ्याची एकच खिचडी कानात पडते. मृदुलाबाईंची डबी तसे करीत नव्हती. ती आवाजाचे आकडे मांडी, त्या आकड्यांतून तबला वेगळा, पेटी वेगळी, बुवांचा गळा वेगळा काढी, जे बुवांच्या कानाला कमी पडते तेवढेच वाढवी आणि आकड्यांचा पुन्हा नाद करून हेडफोनमध्ये सोडी. शकीलने तिचे नाव 'श्रवणी' ठेवले होते.

"पण या निवडानिवडीला वेळ लागतो," मृदुलाबाई बुवांना म्हणाल्या. "एकशेवीस सहस्रांश सेकंद."

"मला मात्रेत सांगा."

"तुमच्या मध्यलयीत साधारण पाव मात्रा."

बुवांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, पाव मात्रेत माणूस तालातून उठतो! गेल्या वर्षी दुसरं काय झालं?"

गेल्या वर्षीचे सगळ्यांना ठाऊक होते. बेलवडीच्या दत्तमंदिरात दत्तजयंतीचे कीर्तन गेली बेचाळीस वर्षे बुवांचे. तबल्याला सुरुवातीपासून दिगूनाना शिरोळकर. गेल्या वर्षी बुवांनी बाजारातले एक महागडे यंत्र कानाला लावले. त्यातून नानांचा ठेका उशिरा पोचू लागला. बुवा ठेक्यासाठी थांबत, नाना बुवांसाठी थांबत, बुवा आणखी थांबत. असे करीत करीत दोघेही इतके मंदावले की सूर्य मावळून गेला तरी दत्तजन्म होईना. शेवटी मागून कोणीतरी ओरडले, "बुवा, देव जन्मून रांगायला लागला!" देऊळ हसले. त्यानंतर दोन महिन्यांनी नाना गेले. देवस्थानचे अध्यक्ष बापूसाहेब घोरपडे बुवांना भेटायला आले आणि फार आदराने म्हणाले की एवढे एक वर्ष पाहू. पुन्हा तसे झाले तर पुढल्या सालापासून नाशिकचे एक तरुण कीर्तनकार बोलवावे असे मंडळींचे मत आहे.

"यावर तोड एकच," मृदुलाबाई म्हणाल्या. "सम येण्याआधी ती तुमच्या मनात आलेली असते की नाही?"

"असतेच. नाहीतर मान हलेल कशी?"

"श्रवणी तेच करते. आत्तापर्यंत आलेल्या आवाजावरून पुढच्या पाव मात्रेचा अंदाज बांधते आणि तो अंदाज तुमच्या कानात घालते. आम्ही याला पूर्वश्रवण म्हणतो. खरा आवाज मागून येतो आणि अंदाज तपासतो. चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती."

"अंदाज कशाच्या जोरावर?"

"तुमच्याच कीर्तनांच्या. एक्केचाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणं तिला ऐकवली आहेत. गेल्या वर्षीचं तेवढं वगळलंय."

"बरं केलंत," बुवा म्हणाले. "आणि मधेच तुमची तार निसटली तर?"

"तर ती गप्प बसत नाही. नुसत्या अंदाजावर चालत राहते. ऐन कीर्तनात कान एकदम बंद झाला तर घात होईल."

शकीलने पुस्ती जोडली, "पण फार वेळ नाही हां बुवा. आम्ही तालयंत्र लावून पाहिलंय. आवाजाची तार काढली की दहाव्या मात्रेला ती भरकटते. तुम्हाला लगेच कळेल. म्हणून आवाजासाठी वेगळा दिवा ठेवलाच नाही. हा हिरवा दिवा फक्त विजेचा. आणि अंदाज बांधायला वीज फार लागते. दीड तासाला शिदोरी बदलावी लागेल." शिदोरी म्हणजे विजेची खिशात मावणारी वडी.

"मध्यंतरात बदला," बुवा म्हणाले. "माझ्या गळ्यात हार पडेल, हिच्या पोटात शिदोरी पडेल."

दत्तजयंतीला चार वाजता बेलवडीचे देऊळ भरून गेले. शकीलने श्रवणी बुवांच्या कमरेच्या शेल्यात बसवण्याआधी दोन्ही तारा स्वतः जोडल्या, हिरवा दिवा पाहिला आणि तो मागे ध्वनिक्षेपकापाशी जाऊन बसला. बिनतारी हेडफोन पगडीखाली झाकून गेले. तबल्याला यंदा रेवती ओतारी होती. पस्तिशीची, शाळेत संगीत शिकवणारी. ती पहाटेपासून काही खाल्ल्यावाचून होती.

कीर्तनाआधी वाद्यांची पूजा करायची बेलवडीची रीत. विश्वनाथभटजींनी तबल्याला, पेटीला, चिपळ्यांना कुंकू लावले. मग त्यांचे लक्ष बुवांच्या कमरेकडे गेले.

"हे काय?"

"हाही साथीदारच आहे," बुवा म्हणाले.

"मग त्याला वगळून कसं चालेल?" असे म्हणून भटजींनी श्रवणीलाही बोट टेकवले, वर एक झेंडूची पाकळी ठेवली.

पूर्वरंग नीट पार पडला. विषय श्रवणभक्तीचा. नऊ भक्तींत कीर्तन दुसरे, श्रवण पहिले, असे सांगून बुवा म्हणाले, "देवानं कान दोन दिले आणि तोंड एक. आम्हा कीर्तनकारांचा मात्र हिशेब उलटा!" देऊळ खळखळून हसले आणि ते हसणे बुवांना ऐकू आले. दोन वर्षांनी.

मध्यंतरात लोक बुवांना हार घालत असताना मृदुलाबाई पुढे गेल्या. शकीलला गर्दीतून येता येत नव्हते. बुवांनी लहान आवाजात तक्रार केली, "तबला मधेमधे उचकी देतो हो."

मृदुलाबाईंनी बुवांना दिसेल असे खिशातल्या कागदावर लिहिले : अंदाज नानांच्या हाताचा, वाजवणार रेवती. दुरुस्ती होते तिथे उचकी.

"हां. मग तिचा दोष नाही," बुवा म्हणाले.

बाईंनी दोन्ही तारा काढल्या, रिकामी शिदोरी बाजूला ठेवली, नवी घेतली, लाल ठिपका पाहून तारा लावल्या. हिरवा दिवा लागला.

उत्तररंगाला अनसूयेचे आख्यान. तीन देव अतिथी होऊन दारात आलेले, आणि ती माउली त्यांची बाळे करते ते. बुवा उभे राहिले आणि पहिल्याच पदाला त्यांची मान अशी डोलली की जुन्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. उचक्या नव्हत्या. ठेका लोण्यासारखा होता. बुवा आरामात पुढे जात, रेवती त्यांच्या चिपळ्यांवर नजर खिळवून मागोमाग जाई. शब्द कुठे अडला नाही, लय कुठे सांडली नाही. पाळण्याच्या आधीच्या पदात एके ठिकाणी बुवा थांबले, चिपळ्यांनी तीन वेळा एकच बोल सुचवला, रेवतीने तो उचलला आणि समेवर आणून टाकला. देऊळ "वाहवा" म्हणून उठले. बुवा डावीकडे वळून हात जोडून म्हणाले, "वा नाना! सेवा पोचली बरं का देवाला!"

रेवतीने मान खाली घातली. कितीतरी बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

सूर्य कृष्णेच्या पलीकडच्या उसात टेकला आणि दत्तजन्म झाला. गुलाल उडाला, सुंठवडा वाटला गेला. बापूसाहेबांनी सगळ्यांसमोर पुढच्या वर्षाच्या निमंत्रणाचा नारळ बुवांच्या ओंजळीत ठेवला.

माणसे पांगल्यावर शकील तारा गुंडाळू लागला आणि तसाच थांबला.

"मॅडम, ही तार कुणी लावली?"

"मी. ठिपका पाहून."

शकीलने डबी दिव्याखाली धरली. एका खाचेपाशी त्याने दिलेला लाल ठिपका होता. दुसऱ्या खाचेपाशीही लाल ठिपका होता, जरा मोठा, ओलसर, आणि बोटाला लागणारा. आवाजाची तार त्या खाचेत होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दोघांनी दोन ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी मांडली. एक देवळात खरोखर वाजले ते, दुसरे श्रवणीने बुवांच्या कानात घातले ते. उत्तररंगाच्या बावन्न मिनिटांत श्रवणीपर्यंत देवळातला एक कणही पोचला नव्हता. आणि तरीही दोन्ही रेघा एकमेकींवर बसत होत्या. फरक फार तर पाच सहस्रांश.

"तालयंत्राशी हिला दहा मात्रा टिकता आलं नाही," शकील म्हणाला. "देवळात बावन्न मिनिटं? हे गणित कसं जुळलं?"

मृदुलाबाईंनी दोन्ही रेघा पुन्हा एकदा पहिल्यापासून सरकवून पाहिल्या. "तालयंत्र कुणाचं ऐकत नाही, शकील. म्हणून तिथे अंदाज आणि खरं यांची फारकत झाली. देवळात श्रवणी जुना नाना वाजवत होती. बुवा ते ऐकून चालत होते. रेवती बुवांचं ऐकून चालत होती, पेटी रेवतीचं. अंदाजाला दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. उलट सगळं देऊळ स्वतःला दुरुस्त करून अंदाजाशी जुळवून घेत होतं."

"म्हणजे रेवतीताईंनी—"

"गेलेल्या माणसाला साथ केली. न ऐकता."

सांगावे की नाही असा प्रश्न मृदुलाबाईंना पडला नाही. सोमवारी त्यांनी बुवांना आणि रेवतीला बोलावले आणि पडद्यावर सगळे मांडले. यंत्र फसले तरी कीर्तन फसले नाही, असेही त्या म्हणाल्या. बुवांनी ते दोनदा वाचले.

"नारळ परत द्यायला हवा," प्रयोगशाळेत दाखवायला आणलेला नारळ टेबलावर ठेवत ते म्हणाले.

"मी काल बापूसाहेबांना फोन केला," मृदुलाबाई म्हणाल्या. "चूक माझी होती, मीच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, बुवांना ऐकू आलं नसेल, आम्हाला तर आलं ना? मग झालं."

बुवा हसले नाहीत. ते रेवतीकडे वळले. "अगं, म्हणजे मी तुला ऐकलंच नाही. तू जीव ओतून वाजवलंस आणि मी तुला नाना म्हणालो."

"मला राग नाही आला बुवा. खरंच," रेवती म्हणाली. "मी मनाचं काही वाजवलंच नव्हतं. तुमच्या चिपळ्या गेल्या तिकडे गेले."

"मला ऐकवा," बुवा मृदुलाबाईंना म्हणाले. "देवळात वाजलं ते. तुमचा अंदाज बंद करून."

"मग पाव मात्रा उशिरा येईल."

"येऊ दे. आज मला गायचं नाहीये. श्रवणाला उशीर चालतो."

शकीलने या वेळी कापसाने डबी पुसून घेतली, मग तारा लावल्या. बुवा डोळे मिटून बसले. अर्धा तास गेला. पाळण्याच्या आधीचे पद आले, चिपळ्यांचे तीन बोल आले, आणि बुवांनी एकदम हात वर केला.

"थांबवा. मागे घ्या."

शकीलने मागे घेतले. बुवांनी तेवढाच तुकडा चार वेळा ऐकला.

"दोन बोल नानाचे आहेत," ते सावकाश म्हणाले. "तिसऱ्याला हिनं समेच्या आधी डग्ग्यावर हात सरकवून एक मींड काढलीय. नाना ही कधी काढत नसे. त्याच्या मनगटात ती नव्हतीच." त्यांनी डोळे उघडले. "ही तुझी."

रेवती गोंधळली. "ती... चुकून गेली असेल."

"चूक नव्हे ती. देऊळ 'वाहवा' म्हणालं ते तिला. मला वाटलं, नानाला."

मृदुलाबाईंनी रेघा मोठ्या करून पाहिल्या. बावन्न मिनिटांत फक्त तेवढ्याच जागी दोन्ही रेघा एकमेकींपासून सुटल्या होत्या. परवा रात्री त्यांना तो पडद्यावरचा कचरा वाटला होता.

"सतारमेकर," बुवा म्हणाले, "तुमच्या श्रवणीला एक शिकवा. काही ऐकू येत नसेल तेव्हा गप्प राहायला. आम्हाला साठी उलटल्यावर ते कळलं, तिला आत्ताच कळू दे."

"आजच करतो बुवा. आणि आवाजासाठी वेगळा दिवाही लावतो. निळा. कुंकू निळं नसतं."

आता कुठे बुवा हसले. मृदुलाबाई मात्र अजून पडद्याकडेच पाहत होत्या. "एक गोष्ट आहे. हे कीर्तनही तिच्या स्मरणात जाणार, बेचाळिसावं म्हणून. म्हणजे पुढच्या वर्षी बुवा, त्या जागी तुमच्या कानात आधी रेवतीची मींड येईल. ती वाजायच्या पाव मात्रा अगोदर."

रेवतीने पिशवी खांद्याला लावली.

"मग मी त्या जागी दुसरंच काही वाजवीन," ती म्हणाली.

पडद्यावर अक्षरे उमटली. बुवांनी ती वाचली आणि नारळ शेल्यात बांधून घेतला.

"वाजव," ते म्हणाले. "उचकी लागली की मी ओळखीन, तू आलीस म्हणून."