डावी बाही

परदेशातल्या या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला आठच दिवस झाले होते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, म्हणून यांनी नळवाल्या काकांना बोलावलं. काका आपल्याच भाषेचे, तीस वर्षं इथे नळदुरुस्तीची कामं करतात. काम संपेपर्यंत अंधार पडला. मी चहा दिला आणि बाळाला मांडीवर घेऊन बसले. मनात होतं ते विचारूनच टाकलं.

"काका, कपाटात आधीच्या लोकांचा लहान मुलाचा मोजा सापडलाय. एकच आहे. टाकून देऊ का?"

"अहो वहिनी, मोज्यालासुद्धा भिता?" धाकटे दीर हसले. "त्याला काय भूत चिकटलंय?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "दार लावून घे, पोरी. मग सांगतो. हे ऐकीव नाही. माझ्या शेजारच्या खोलीत घडलेलं आहे."

त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

"त्याला आम्ही शिंपी म्हणायचो. आधीची नोकरी सोडून कपड्यांच्या कारखान्यात नवीन लागला होता. राहायला मिळाली ती अर्धी खाट. म्हणजे खाट एक आणि झोपणारे दोन. खोलीवाल्याने सांगितलं, दिवसा पहारेकरी झोपेल, रात्री तू. शिंपी सकाळी सहाला चादर घडी करून जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. पहारेकरी त्याआधीच निघून गेलेला. दोघांनी एकमेकांचं तोंडही बघितलं नव्हतं. मीही शेजारी नुकताच राहायला आलेलो, पहारेकऱ्याला कधी बघितलं नव्हतं. पण गादी रोज कोमट असायची. शिंपी म्हणायचा, 'बरंय की, थंडीत आयती ऊब मिळते.'

तो इकडे आल्यावर घरी त्याला मुलगी झाली. सहा महिन्यांची होती, पण बापाने तिला फक्त फोनवर बघितलेलं. कारखान्यातले उरलेले तुकडे आणून तो तिच्यासाठी हाताने फ्रॉक शिवत होता. पिवळा, बारीक फुलांचा. मी शुक्रवारी पहाटे गावी निघणार होतो. माझ्याबरोबर धाडायचा होता. बापाच्या हातचं पहिलं काहीतरी लेकीच्या अंगाला लागावं, एवढीच त्याची इच्छा.

सोमवारी अर्धवट फ्रॉक फळीवर ठेवून गेला. संध्याकाळी बघतो तर खालून वीतभर कापड जोडलेलं! टाके ढोबळ, काळ्या जाड दोऱ्याचे. मला आणून दाखवला. म्हणाला, 'हे टाके आहेत का कुंपण?' आम्ही पोट धरून हसलो. म्हटलं, पहारेकरी मस्करी करतोय. याने ती पट्टी उसवली आणि चिठ्ठी ठेवली. 'भाऊ, फ्रॉक माझ्या लेकीचा आहे. हात लावू नये.'

मंगळवारी चिठ्ठी जिथल्या तिथे. फ्रॉक मात्र पहिल्यापेक्षा लांब. बुधवारी छातीतही कापड घातलेलं, बाह्या लावलेल्या. चार-पाच वर्षांच्या पोरीला होईल एवढा केलेला. आणि डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड. शिंप्याला राग आला तो त्या बाहीचाच. 'दुसऱ्याच्या कामात हात घालायचा, तर निदान मापात तरी घालावा!'

गुरुवारी तो दुपारी तीनलाच सुटी घेऊन आला. पहारेकऱ्याला अंथरुणातच धरायचा म्हणून. दाराला बाहेरून कुलूप. याने उघडलं. आत कुणी नाही. गादीला हात लावला... कोमट.

उशीवर फ्रॉक. बाहीत सुई अर्धी टोचलेली.

दोरा हलत होता.

खिडकी बंद होती, पोरी.

तो तसाच धावत खोलीवाल्याकडे गेला. खोलीवाल्याने आधी उडवाउडवी केली. याने त्याची गचांडी धरली, तेव्हा बोलला. 'पहारेकरी तीन महिन्यांपूर्वी वारला. झोपेतच. त्याच खाटेवर. तुला सांगितलं असतं तर तू खाट घेतली असतीस का?'

'त्याच्या मागे कोण आहे?'

'बायको आहे. एक मुलगी आहे, पाच वर्षांची.'

मी शिंप्याला म्हटलं, 'आजची रात्र माझ्याकडे झोप.' तर म्हणतो, 'पहाटे तू जाणार. फ्रॉक कधी शिवू?' सगळं कापड त्या मोठ्या फ्रॉकात गेलं होतं. तो उसवल्याशिवाय लहान होणार नव्हता.

रात्री पावणेतीन वाजले होते. मी जागाच. मधली भिंत पातळ, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. बाकीचं त्यानेच नंतर सांगितलं. शिंपी खाली फरशीवर कात्री घेऊन बसला होता. उसवायला हात उचलला... हात चालेना. मग त्याने ट्रंक उघडली. घरी जाताना घालायचा म्हणून ठेवलेला नवा पांढरा सदरा काढला. टर्रकन फाडला. आणि मोठ्याने म्हणाला, 'भाऊ, तो पिवळा तुमचा. हा पांढरा माझा. पण उजाडायच्या आत पुरा करा. न्यायला माणूस आहे.'

काही नाही. शांत.

मग खाट करकरली.

कुणीतरी जपून बसावं तशी.

बऱ्याच वेळाने... दातांनी दोरा तोडल्याचा आवाज.

थोड्या वेळाने परत.

शिंप्याने मान वर केली नाही. खाली बघून शिवत राहिला. मी भिंतीला कान लावून होतो.

पाच वाजता त्याने माझ्या हातात दोन फ्रॉक दिले. एक पांढरा, एक पिवळा. पहारेकऱ्याच्या घरचा पत्ता खोलीवाल्याकडून आणलाच होता. त्या संध्याकाळी गादी गार होती म्हणे. पहिल्यांदाच."

काका थांबले. धाकट्या दिरांच्या हातातला चहा तसाच होता. यांनी उठून दुसरा दिवा लावला. मी बाळाला आणखी जवळ घेतलं.

"मग? दिलात का फ्रॉक?"

"दिला ना. आधी शिंप्याच्या घरी पांढरा पोचवला. मग पहारेकऱ्याच्या घरी गेलो. खरं काय सांगणार? म्हटलं, तुमच्या मालकांनी शिवून ठेवला होता. बाईने ते काळे टाके ओळखले. डोळ्याला पदर लावला. मग पोरीला हाक मारून तिथेच तिच्या अंगात घातला. अगदी अंगाबरोबर बसला.

पोरीचा डावा हात कोपरात आखडलेला, उजव्यापेक्षा आखूड होता. सरळच होत नव्हता. आणि ती आखूड बाही... बरोबर मनगटावर.

बाई बाहीकडे बघतच राहिली. म्हणाली, 'झाडावरून पडली ती. हाड वाकडं बसलं. पण दादा...'"

काकांनी कप खाली ठेवला.

"'...ते गेल्यावर महिन्याने पडली ती. हे माप त्यांना कुणी दिलं?'"

काका हत्यारांची पिशवी उचलून गेले. नळ गळायचा थांबला होता, त्यामुळे घर फारच शांत वाटत होतं.

मी तो मोजा धुतला, वाळवला आणि होता त्याच कप्प्यात ठेवून दिला. बाळाच्या पायाला लावून बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.