खंडूचा डावा कान

'ही प्रणाली जुनी होत चालली आहे. कृपया नवी बसवून घ्या.'

खंडूच्या छातीवरच्या पडद्यावर ही सूचना पहिल्यांदा उमटली, तेव्हा शलाकाचे दोन्ही हात कणकेत होते. तिने कोपराने 'नंतर' असं लिहिलेल्या बटणाला ढोसलं आणि तव्यावरची पोळी उलटवायला धावली. सूचना पुन्हा आली, कोपर पुन्हा लागलं. खरं तर शलाका बेफिकीर बाई अजिबात नव्हती. शेगडी बंद केली की नाही हे बघायला ती उंबऱ्यावरून परत यायची. मुलीच्या डब्यातल्या द्राक्षांचेसुद्धा दोन-दोन तुकडे करायची, आणि मुलगी, म्हणजे कुमुद, चांगली पाचवीत होती. पण काळज्यांचं गाठोडं इतकं मोठं असलं की एखादी काळजी त्यातून निसटतेच.

मग एका शनिवारी सूचनेचे शब्द बदलले. 'सोमवारपासून या यंत्राचा आरोग्यकेंद्राशी संपर्क राहणार नाही.'

या वेळी शलाकाने 'नंतर' दाबलं नाही.

खंडू हा त्यांच्या घरचा यंत्रमानव. खंडेनवमीला घरी आला म्हणून त्याचं नाव खंडू. दरवर्षी त्या दिवशी घरातल्या सगळ्या यंत्रांबरोबर शलाका त्याचीही पूजा करायची, झेंडूचा हार घालायची, हळदकुंकू लावायची. कातळवाडीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उंच खडकाळ पठारावर, त्यांचं घर एकटंच होतं. कुणाला काही झालं तर खालच्या आरोग्यकेंद्रातून रुग्णयान (आजारी माणसाला उचलून नेणारं छोटं विमान) यायचं, आणि ते बोलावायचं काम खंडूचं होतं.

आणि बोलवावं लागेल अशी भीती होती ती नानांसाठी.

नाना म्हणजे कुमुदचे आजोबा. समुद्राच्या तळाशी सोडायची यंत्रं बनवणारे शास्त्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. डोकं मात्र पूर्वीसारखंच लखलखीत. त्यांच्या तोंडून निघणारे घोगरे, तुटके आवाज घरात कुणालाच कळत नसत. खंडूने मात्र ते एकेक करून ऐकले, साठवले, जुळवले आणि हळूहळू तो नानांची बोली शिकला. तेव्हापासून नाना बोलायचे आणि खंडू सांगायचा.

"नाना म्हणतात, चहात साखर नाही."

"नाना, डॉक्टरांनी..."

"नाना म्हणतात, डॉक्टरांना हा चहा पाजा, मग बोला."

अलीकडे मात्र खंडू वरचेवर म्हणू लागला होता, "माफ करा, नानांचे शब्द नीट कळले नाहीत." ते ऐकलं की शलाका नानांचं तोंड निरखायची. आजार वाढतोय का? जीभ आणखी जड होतेय का? कुमुदचे बाबा दूर सागरी केंद्रावर कामाला. त्यांना तिने हे कळवलंच नव्हतं. बोललं तर खरं होईल, असं तिला वाटायचं.

तिने खंडू बनवणाऱ्यांच्या मदत कक्षाला फोन लावला.

"सोपं आहे, मॅडम," पलीकडचा मुलगा उत्साहाने म्हणाला. "जुनं सगळं पुसायचं, नवं टाकायचं. कोरी पाटी!"

"आणि तो आमच्या नानांचं बोलणं शिकलाय ते?"

"ते जाईल. पण शिकेल की पुन्हा!"

शलाकाने फोन ठेवला आणि तशीच नानांच्या खोलीत गेली. नाना खुर्चीत होते. त्यांच्या लुळ्या बाजूला आधार हवा म्हणून खंडू नेहमीसारखा उजवीकडे चिकटून उभा होता. तिचं ऐकून नाना काहीतरी बोलले.

"शब्द कळले नाहीत," खंडू म्हणाला. नानांनी कपाळाला आठ्या घातल्या, डाव्या हाताने त्याला धरून समोर ओढलं आणि पुन्हा बोलले. "कळले. नाना म्हणतात, पुसायचं काहीच नाही. वेगळी चूल मांडायची."

"चूल?" कुमुद दारातून आत घुसली. गृहपाठ अर्थातच मागे राहिला होता.

मग नाना बोलत गेले आणि खंडू सांगत गेला.

"यंत्राच्या आत एक कारभारीण असते. ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली). कुणी कधी काम करायचं, कोणती वस्तू कुठे ठेवायची, सगळं तीच ठरवते. आमच्या खंडूची कारभारीण म्हातारी झाली आहे. आरोग्यकेंद्राची नवी सांकेतिक भाषा तिला येत नाही."

"मग नवी आणू या. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं शाळेत बाई सांगतात," कुमुद म्हणाली.

"नाना म्हणतात, म्यानालाच मध्ये पडदा घालायचा. खंडूच्या स्मृतीत रिकामी जागा आहे. तिचं विभाजन (एकाच साठ्याचे स्वतंत्र कप्पे पाडणं) करायचं. एका कप्प्यात जुनी कारभारीण, दुसऱ्यात पेनड्राइव्हवरून आणलेली नवी. घर एक, चुली दोन. एका वेळी पेटते मात्र एकच. खंडू सुरू होताना विचारेल, आज कुणाचा कारभार?"

"हे त्यानं स्वतःच करावं ना मग," शलाका म्हणाली. "पेनड्राइव्ह कशाला?"

"नाना म्हणतात, ज्या खोलीची फरशी उखडायची, तिच्यात उभं राहून सगळी फरशी उखडता येत नाही. एक पाय उंबऱ्याबाहेर लागतो. म्हणून सुरुवात बाहेरून करायची. आणि पेनड्राइव्हवर नवी प्रणाली नुसती उतरवून चालत नाही. यंत्र त्यावरून जागं होऊ शकेल अशा खास रीतीने तो तयार करावा लागतो."

कुमुदने पांढरा पेनड्राइव्ह तसा तयारही केला. तिला हे शाळेत शिकवलं होतं. मोठ्या बाह्य डिस्कवर खंडूच्या सगळ्या स्मृतीची प्रत घेतली. मग नानांनी निळा पेनड्राइव्ह मागवला.

"त्यावर ड्रायव्हर घ्यायचे (एकेका अवयवाची भाषा जाणणाऱ्या छोट्या आज्ञावल्या). नव्या कारभारणीला खंडूचे हात, कान, अँटेना कुणीच ओळखत नाही. प्रत्येकाची बोली निराळी. मध्ये दुभाषा हवा."

"ते नंतर नेटवरून उतरवू की, नाना!"

नाना हसले. अर्धं तोंडच हसलं. "अँटेनालाही दुभाषा लागतो. दुभाषा नाही तर नेट नाही. नेट नाही तर दुभाषा नाही."

"म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाटालाच कुलूप!" कुमुद ओरडली.

"नाना म्हणतात, पोरगी माझ्यावर गेली आहे." खंडूने मान कलती केली. "आता मी बंद होतो. शलाकाताई, नानांची संध्याकाळची गोळी विसरू नका."

त्याच्या डोळ्यांतला हिरवा दिवा मालवला. आणि शलाकाला एकदम उमगलं: ज्यांना हे सगळं येतं, त्यांचं बोलणं आता कुणालाच कळणार नाही.

पांढरा पेनड्राइव्ह लावून कुमुदने खंडूला जागं केलं. पडद्यावर अक्षरं आली. 'कोणत्या साठ्यावर बसवायचं?' खाली दोन ओळी. नावं म्हणजे नुसती आकड्याअक्षरांची भेळ. एक खंडूची स्वतःची स्मृती, दुसरी खंडूला अजून जोडलेली बाह्य डिस्क, जिच्यावर ती प्रत होती. चुकीच्या ओळीला बोट लागलं तर राखून ठेवलेलंच पुसलं जाणार. कोणती कोणती?

"पहिली असेल," कुमुद म्हणाली.

"असेल म्हणजे? असेल म्हणून कुणी बोट लावतं का गं?"

"आ... ध," नाना म्हणाले.

"पाणी हवंय का, नाना?"

नानांनी मान हलवली. नाही.

"उशी सरकली? पाय अवघडला?"

नाही. नाही. त्यांचा डावा हात खुर्चीवर आपटत होता. सवयीने शलाकाने खंडूकडे पाहिलं. तो तर गप्प. मग तिने तो पडदा, ते बोट, सगळं सोडलं आणि ती नानांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. त्यांच्या ओठांकडे बघत. किती महिन्यांनी ती असं बघत होती! नाना बोलताना सगळे खंडूच्याच तोंडाकडे बघायचे.

"का... ध. ती."

"काढ," शलाका हळूच म्हणाली. "ती काढ. कुमुद, डिस्क! ती बाहेरची डिस्क आधी काढून घे!"

कुमुदने वायर ओढली. पडद्यावरच्या दोन ओळींपैकी दुसरी नाहीशी झाली. उरलेल्या ओळीत काय आहे, यात आता शंकाच नव्हती. जी वस्तू पुसली जाऊ नये, ती जवळच ठेवायची नाही. किती साधं! शलाकाने त्या ओळीतल्या रिकाम्या जागेचा वेगळा कप्पा पाडून तो निवडला, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिने डोळे मिटून बोट टेकवलं.

खंडू पुन्हा जागा झाला तो नव्या कारभारणीच्या हाताखाली. हात लोंबकळलेले, तोंडून शब्द नाही. पडद्यावर एकेक ओळ: 'हात सापडले नाहीत. आवाज सापडला नाही. कान सापडले नाहीत. अँटेना सापडली नाही.'

"मोडला गं हा!" शलाकाचा आवाज चिरकला.

"आई, मोडला नाही. आत्ता तर चालत होता. दुभाषे नाहीत म्हणून." कुमुदने निळा पेनड्राइव्ह लावला. खंडूचे हात हलले. घसा खाकरल्यासारखा आवाज आला. अँटेना जोडली गेली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'आरोग्यकेंद्राशी संपर्क झाला.' शलाकाने सुस्कारा सोडला. पण तो अर्ध्यातच अडकला. शेवटची ओळ होती: 'उजवा कान ठीक. डावा कान प्रतिसाद देत नाही.'

"डाव्या कानाचा ड्रायव्हर खराब आला का गं? आपण काही चुकवलं का?"

कुमुद ओठ चावत विचार करत होती. "थांब. जुनी कारभारीण आहे ना अजून? तिच्याकडे जुने दुभाषे आहेत, चांगले मुरलेले. तिला उठवू. तिला डाव्या कानाने ऐकू आलं, तर कान चांगला आणि नवा दुभाषा वाईट. पण तिलाही ऐकू आलं नाही..."

"तर?"

"तर दोघींचे दुभाषे एकदम कसे बिघडतील? कानच बिघडला असणार."

नानांनी डावा हात वर केला. शाबास म्हणायला खंडू लागला नाही.

खंडू बंद केला, पुन्हा सुरू केला. 'आज कुणाचा कारभार?' जुनीचा. हिरवा दिवा लागला. "नमस्कार, शलाकाताई. गोळी दिली का?" शलाकाला त्याला मिठीच मारावीशी वाटली. कुमुदने त्याच्या डाव्या कानाशी टाळी वाजवली. खंडू ढिम्म. उजव्या कानाशी वाजवली, तो दचकला.

दोघींनी डाव्या कानाच्या बारीक जाळीत वाकून पाहिलं. जाळीची भोकं लालसर बुजली होती. शलाकाने नखाने खरवडलं. लाल भुकटी.

"अगं बाई," ती म्हणाली. "कुंकू!"

खंडूच्या गुळगुळीत कपाळावर कुंकू टिकत नसे, घसरून जाई. म्हणून यंदाच्या खंडेनवमीला तिने ते ओलं करून चांगलं दाबून लावलं होतं, जिथे ते चिकटून बसेल अशा जागी. म्हणजे कानाच्या जाळीवर! आणि खंडू उभा राहायचा नानांच्या उजवीकडे, म्हणजे नाना सदैव त्याच्या डाव्या कानाशी.

कुमुदने कोरडा ब्रश आणला. घासून, फुंकून जाळी मोकळी झाली. खंडू आपल्या जागी उभा राहिला. नाना बोलले. नेहमीसारखंच घोगरं, तुटकं.

"नाना म्हणतात," खंडू क्षणभरही न अडखळता म्हणाला, "गाढवांनो, दसऱ्यापासून घसा फोडून सांगतोय, याच्या कानात कुंकू गेलंय."

कुमुद पोट धरून हसत सुटली. शलाकाही हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. जीभ जड झालीच नव्हती. आजार वाढलाच नव्हता. नाना स्वच्छ बोलत होते, त्यांच्या परीने. नुसतं समोर बसून बघायला हवं होतं.

मग नव्या कारभारणीला जुनीच्या कप्प्यातला नानांच्या शब्दांचा साठा दाखवला, तिने तो आपल्याकडे उतरवून घेतला. पहिल्यांदा ती चुकली. 'खिडकी'ला 'खिचडी' म्हणाली. नाना भडकले, पण शिकवायला बसले.

"आई, हाही एक ड्रायव्हरच ना?" कुमुद म्हणाली. "नानांच्या बोलीचा. मी मोठी झाले ना, की ज्यांना ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या प्रत्येकाच्या बोलीचा ड्रायव्हर लिहिणार. पुष्कळ लिहिणार. पेनड्राइव्हवर घालून सगळ्या गावांना वाटणार."

"लिही बाई. तोवर?"

"तोवर मी आहेच की दुभाषी."

शलाकाने गोळी आणि पाणी आणलं. खंडूला हाताने जरा बाजूला सारलं आणि नानांच्या समोर बसली. "बोला, नाना. आज मला कळतंय का ते बघू."

मुलांनो, आता तुम्ही एक काम करा. तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, असं कुणीतरी असेल, ज्यांचं बोलणं 'आता काही कळत नाही' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं आहे. पुस्तक असंच उपडं ठेवा आणि त्यांना बघून या. दारातूनच "बरे आहात ना?" विचारून परतू नका. पुढ्यात बसा, ओठांकडे बघा. कदाचित ते बऱ्याच दिवसांपासून काहीतरी सांगत असतील. जा, आत्ताच जा.