पंपाला कान लावणारा माणूस

स्वराली खांबेटेनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उकिडवा बसून, डोळे मिटून, सोसायटीच्या पाण्याच्या पंपाशी हितगुज करत होता. म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलेलं आणि मूठ कानाला. रविवारी सकाळी वारज्यात माणसं बरेच चमत्कारिक प्रकार करतात, पण हा नाही. हा प्रकार तिनं आयुष्यात एकाच माणसाला करताना पाहिला होता, आणि तो माणूस गेल्या दिवाळीनंतर गेला होता.

"अहो... काय ऐकू येतंय?"

"शू!" तो डोळे न उघडता म्हणाला.

स्वतःच्या सोसायटीत परक्याकडून 'शू' ऐकून घ्यायची खांबेटे घराण्यात पद्धत नव्हती. तरी ती गप्प राहिली. बाबासुद्धा अस्संच म्हणायचे.

त्यानं डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि स्क्रू ड्रायव्हर हातातून सुटला.

"सॉरी, मला वाटलं चेअरमन आले."

"चेअरमनना 'शू' म्हणता?"

"त्यांना म्हणायची तर फार इच्छा होती."

ती हसली. नको असताना हसली, म्हणून ते जरा जास्तच छान दिसलं. तो शुभंकर, मूळ परभणीचा, पंपांच्या कंपनीत इंजिनिअर. हा पंप ठेवायचा की काढायचा, हे सांगायला कमिटीनं त्याला बोलावलं होतं.

"हे कान लावणं कुठे शिकलात?"

"हडपसरला, कारखान्यात. ट्रेनी होतो तेव्हा आमचे खांबेटे सर..." त्याची नजर तिच्या मागच्या टपालपेट्यांवर गेली. एका पेटीवर नाव होतं – श्रीनिवास खांबेटे. "सर... इथं राहायचे?"

"हा पंप त्यांचा थोरला," स्वराली म्हणाली. "मी धाकटी."

श्रीनिवास खांबेटे निवृत्त झाले ते फक्त कारखान्यातून. पंपाची चाकरी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. ऐन वैशाखात शेजारच्या सोसायट्यांतले लोक पंप जळाला म्हणून बादल्या घेऊन जिने चढायचे, तेव्हा इथले लोक गॅलरीत उभे राहून त्यांच्याकडे सहानुभूतीनं बघायचे. सहानुभूती अर्थातच पुणेरी. चेन्नईची बढती आली तेव्हा 'मुलीची दहावी आहे' म्हणून खांबेट्यांनी ती परत पाठवली. साहेब म्हणाले, "परीक्षा मुलगी देणार ना?" हे म्हणाले, "हो, पण पेपरच्या दिवशी शिरा मी करतो." आणि शाळा बुडवायला स्वरालीच्या पोटात दुखलं, की तिच्या फ्रॉकच्या गुंडीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून गंभीरपणे निदान करायचे, "यात बिघाड नाही. आज गणिताची चाचणी आहे."

रोज सकाळी पंप गुरगुरला की अर्धवट झोपेत तिला अजून वाटायचं, बाबा खाली आहेत.

"मग?" तिनं विचारलं. "चालेल ना अजून?"

शुभंकरनं हात पुसले. खूप वेळ पुसले.

"शाफ्ट झिजलाय. उन्हाळा निघणार नाही."

"थोडं... चालेल असं सांगा ना कमिटीला."

"सरांच्या पंपाबद्दल खोटं कसं सांगू?"

ती ताडताड जिना चढून वर गेली. सरोजिनीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पोळी उलटली.

"त्यानं खोटं सांगितलं असतं तर ह्यांनी त्याला कारखान्याबाहेर उभं केलं असतं."

"आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"पाण्याच्या." मग गॅस बारीक करून म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा तुझे बाबा सगळा वेळ छताच्या पंख्याकडे बघत होते. माझ्या वडलांनी शेवटी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर म्हणाले, 'मुलगी उत्तम आहे. पंख्याचं खरं सांगू का?'"

स्वरालीला रडता रडता हसू आलं.

"ज्याला पंख्याबद्दल खोटं बोलवत नाही, तो मला उत्तम म्हणाला. तेवढ्यावर अख्खा संसार केला मी. पुन्हा विचारावं लागलं नाही." त्यांनी गॅस मोठा केला. "मुलगा जेवून गेला का तसाच गेला?"

कमिटीच्या सभेत चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "प्रश्न भावनेचा आहे, आणि शिवाय कोटेशनचा..." तेव्हा स्वराली उठली.

"पंप बदला. खांबेट्यांचा पंप बंद पडला, असं कुणी म्हणायच्या आत बदला. तो चालता चालता निवृत्त झाला, असं म्हणा."

टाळ्या वाजल्या. सभेच्या इतिवृत्तात त्यांची नोंद नाही, कारण सोसायटीच्या सभेत टाळ्या वाजल्या यावर पुण्यात कुणी विश्वास ठेवला नसता. मागच्या खुर्चीवर बसलेल्या शुभंकरनं मात्र सगळ्यांच्या थांबल्यावरही एकट्यानं वाजवल्या, आणि मग ओशाळून हात खिशात घातले.

नवा पंप बसला. त्या सकाळी स्वरालीला जाग आली ती काहीच ऐकू न आल्यामुळे. बाबांचा लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती खाली गेली. शुभंकर आधीच आलेला. कंपनीनं पाठवलं होतं म्हणे... रविवारी!

तिनं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली. आत एक मऊ, सलग घरघर. झोपलेल्या मांजरासारखी.

"वर तर काहीच ऐकू येत नाही."

"चांगलं यंत्र घरात आहे हे कळतं, ऐकू येत नाही," शुभंकर म्हणाला. "सर म्हणायचे."

"नवऱ्याबद्दलही हेच म्हणायचे."

त्यानं उगाच कॉलर सारखी केली. "मी... तसा कमीच बोलतो."

स्वरालीनं त्याच्याकडे पाहिलं. मग स्क्रू ड्रायव्हर वळवला आणि टोक हलकेच त्याच्या शर्टाच्या गुंडीवर टेकवलं.

"अहो, हे काय..."

"शू!"

तिनं डोळे मिटले. तो श्वास धरून उभा.

"यात बिघाड नाही," ती म्हणाली. "वेग फार आहे."

"एरवी नसतो. तुम्ही जिना उतरलात की वाढतो." त्याचे कान लाल झाले. "खरं सांगतोय."

"माहितीये," ती म्हणाली, आणि टोक काही गुंडीवरून काढलं नाही. "म्हणून तर ऐकतेय."

वरच्या गॅलरीतून सरोजिनीबाईंचा आवाज आला, "निदान झालं असेल तर दोघंही वर या. पोहे गार होतायत!"