भेळेच्या कागदातलं पुस्तक

"वरद, चल! आज आंधळ्या नावाड्याची गोष्ट!" बाबांची हाक आली आणि भार्गवीने तांब्या दाणकन आपटला.

सुट्टीसाठी भोरला आलेला हा आतेभाऊ! आल्यापासून बाबा रोज त्याला आपल्या लहानपणीच्या आवडत्या कथा सांगत होते. भार्गवीला कधी एक तरी सांगितली होती का?

"पुस्तक मात्र हरवलं रे," बाबा हळहळले. "मी ते उशाशी घेऊन झोपायचो!"

दुसऱ्या दिवशी भार्गवी आणि वरद एसटी स्टँडवर भेळ खायला गेले. भेळ संपली आणि भार्गवीची नजर तेलकट कागदावर खिळली. 'नावाड्याने वल्हं खाली ठेवलं...'

तिने कागद झटकन खिशात कोंबला.

"काय लपवलंस?" वरदने विचारलं.

"तुला काय करायचंय!"

त्याला घरी सोडून ती एकटीच पळत भेळेच्या गाडीवर परत आली. "हनुमंतकाका, हा कागद कुठला?"

"तुमच्याच घरचा की! रंगकामाच्या वक्ताला तुज्या बाबांनीच, उपेंद्ररावांनी, रद्दीचा गठ्ठा आणून दिला." हनुमंतने गाडीखालून जाडजूड, फाटकं पुस्तक काढलं.

"मला द्या ना!"

"आन् भेळ काय हातावर देऊ? दुप्पट रद्दी आण आन् ने. पर लवकर! आज बाजार हाय, सांजंला एक पान न्हाई उरायचं!"

घरात जेमतेम आठवड्याचे पेपर होते. शेजारी मागून पोतं भरलं असतं, पण एकटीने उचलायचं कसं? चडफडत तिने वरदला सगळं सांगितलं.

"पण पुस्तक मी शोधलंय! बाबांना मीच देणार!"

"दे की! आधी पोतं आण!"

दारोदार फिरून पोतं भरलं. धापा टाकत ते गाडीशी पोचले, तर हनुमंतचा हात पुस्तकाचं पुढचं पान फाडायला निघालेला!

"थांबा!" दोघं एकदम ओरडले.

पहिल्या काही कथा भेळेबरोबर गेल्या होत्या. बाकीच्या वाचल्या!

संध्याकाळी पुस्तक बघून बाबांचे डोळे भरून आले. "कुणा वेंधळ्याने रद्दीत टाकलं हे?"

"त्या वेंधळ्याचं नाव उपेंद्र!" भार्गवी म्हणाली. आई पोट धरून हसली. "शाब्बास पोरांनो! बरं पकडलंत यांना!"

बाबा ओशाळले. "वरद, ये, बस..."

"रोज त्यालाच!" भार्गवीचा आवाज चिरकला. "मला कधीच नाही!"

"अगं, त्याने गोष्ट मागितली म्हणून..."

"मागावी लागते?"

बाबांनी सरकून तिला जवळ बसवलं. "चुकलंच माझं. कुठली वाचू?"

"वरदने न ऐकलेली. आणि त्याला बाहेर पाठवा!"

"अरे वा! पोतं मी उचललं!" वरद किंचाळला.

भार्गवीने त्याचे लालबुंद झालेले हात पाहिले.

"बरं, बस," ती म्हणाली. "पण तिकडे, दाराशी!"

आणि बाबांनी पान उघडलं.