श्वासाचा साठा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गोदामात धुळीला आणि दमट हवेला मज्जाव होता. नायट्रोजन भरलेल्या कपाटांत, ज्यांचं उत्पादन कधीच थांबलं होतं अशा चिपा जपून ठेवलेल्या असत. त्यांतलं एक कपाट गोदामाच्या प्रमुख वृंदा साखळकर स्वतः तपासायच्या. त्यातली चिप ‘श्वासचालका’त बसायची. मानेला मार लागून ज्यांचा श्वास बंद पडतो, त्यांच्या छातीत उतरणाऱ्या मज्जातंतूला हे कमरेचं छोटं यंत्र ठरावीक लयीत विजेचा हलका स्पंद देतं, आणि माणूस श्वास घेतो.

चिप बनवणारा कारखाना बंद झाला होता. मोजक्या रुग्णांसाठी नवं यंत्र घडवायला, त्याला परवानग्या मिळवायला कोणी तयार नव्हतं. म्हणून शेवटचा सगळा साठा बँकेच्या कर्जावर घेऊन ठेवला होता.

पुढे किती चिपा लागतील हे ‘भाकीत’ ही प्रणाली सांगायची. तिचा अंदाज क्वचितच चुके. एका वर्षी तिने गरज एकदम निम्म्यावर आणली. पडून राहिलेल्या मालावर व्याज चढतंय, तेव्हा जादा चिपा मोटार कंपनीला विका, असं बँकेच्या कोप्पीकरांनी कळवलं.

“यंत्रं जास्त टिकायला लागली का?” वृंदाताईंनी विचारलं.

“नाही,” कोप्पीकर म्हणाले. “कोणता रुग्ण किती जगेल, हेही भाकीत आता हिशेबात धरतं.”

वृंदाताईंनी विक्रीच्या कागदांवर सही केली नाही. बरीच ओढाताण झाल्यावर त्यांनीच तोड सुचवली: रुग्णांच्या घरच्यांनी आपापल्या चिपेचा खर्च उचलावा. पुष्कळांनी उचलला. पैसे भरलेल्या प्रत्येक चिपेवर त्या रुग्णाचं नाव लागलं आणि उरलेला माल विकला गेला. आपण माणसं वाचवली, असं त्यांना वाटलं.

पुढच्या वर्षी नांदेडच्या रुग्णालयातून फोन आला. शेवंता गच्चे यांचं यंत्र बंद पडलं होतं. व्हेंटिलेटरवर त्या फार दिवस तगणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. चिपेचा खर्च उचलायला त्यांच्या भावांनी गेल्या वर्षी नकार कळवला होता. शेवंताबाईंना कोणी विचारलंच नव्हतं. मधल्या काळात जे वारले, त्यांच्या चिपा वारसांनी चढ्या भावाने विकून टाकल्या होत्या.

वृंदाताईंनी एकेका चिपधारकाला विचारायला सुरुवात केली. लोक नाही म्हणाले, आणि त्यांना दोष देता येईना. मग त्यांनी इस्लामपूरच्या देवदत्त खोतांना फोन लावला. कबड्डीत मान मोडलेले खोत चाकांच्या खुर्चीतून मुलींचा संघ घडवत होते.

सगळं ऐकून घेऊन खोतांनी विचारलं, “माझं यंत्र अजून किती चालेल?”

“भाकीत तुमच्याबद्दल काही सांगत नाही.”

“का?”

खोटं बोलावं असं वृंदाताईंना क्षणभर वाटलं. “त्याच्या हिशेबाने तुम्ही गेल्या वर्षीच गेलात.”

फोनमधून मैदानावरच्या मुलींचा आवाज येत होता, आणि खोतांचा एकसारखा श्वास.

“माझी चिप द्या त्यांना,” ते म्हणाले. “पण मॅडम, माझं यंत्र बंद पडेल, तेव्हा तुम्ही कोणाला फोन कराल?”