दुसऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं

त्या दिवशी आई पहिल्यांदाच माझ्या विमानात बसली होती. दुपारचं लख्ख ऊन होतं. शेजारी कॅप्टनसाहेब सँडविच खात होते आणि मी, त्यांचा सहवैमानिक, मनातल्या मनात आईपुढे मिरवत होतो.

तेवढ्यात दिवा पेटला. डाव्या पंखातली गरम हवेची नळी भलतीच तापली होती. इंजिनाकडची ही हवा दोन बाजूंनी केबिनमध्ये येते. एक बाजू बंद केली तरी भागतं. दोन्ही केल्या, तर त्या उंचीवर मागच्या माणसांचा श्वास कोंडलाच म्हणून समजा. म्हणून आमचा नियम असा, की एकाने बटणावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय दाबायचं नाही.

"डावं?" मी विचारलं.

"बरोबर."

मी दाबलं. दिवा विझला.

"अरे, माझ्यासाठी थांबशील की नाही?" कॅप्टन घास गिळून खेकसले.

"तुम्हीच तर बरोबर म्हणालात!"

"तोंडात घास असताना?"

म्हातारा विसरायला लागलाय, मला वाटलं. त्यांनाही माझा संशय आला असावा. नजरच सांगत होती.

मग उजवीकडचा दिवा पेटला. सवयीने त्यांचं बोट उजव्या बटणावर गेलं. "उजवं?"

"बरोबर."

आवाज माझा होता, हुबेहूब माझा. माझे ओठ मात्र मिटलेले होते. मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"साहेब... मी नाही बोललो."

"मग...?"

आमच्या मागची तिसरी खुर्ची रिकामी होती.

"आता बोलणं बंद," ते कुजबुजले. "आधी श्वास घेता येईल इतकं खाली जाऊ. मी खांद्यावर हात ठेवीन... तेव्हाच दाब."

विमान खाली निघालं. माझं बोट उजव्या बटणावर, जीव आईपाशी. खांद्यावर हात पडला. मी दाबणारच होतो, पण उंची अजून निम्मीही उतरली नव्हती, आणि कॅप्टनचे दोन्ही हात समोर कामात गुंतलेले होते. मी बोट मागे ओढलं आणि स्वतःचा हात मांडीखाली दाबून बसलो. भीतीने अक्षरशः रडू फुटत होतं.

पुरेसं खाली आल्यावर कॅप्टननी ते बटण स्वतःच दाबलं. उतरलो एकदाचे, सगळे सुखरूप. मी दाराबाहेर पाठमोरा उभा राहून मोकळी हवा घेत होतो.

"छान उतरवलंस हो बाळा," मागून आई म्हणाली, आणि खांद्यावर हात आला. माझा जीव भांड्यात पडला. मी तो हात थोपटला, घट्ट धरला आणि वळलो.

आई चार पावलं मागे होती. तिच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात पिशवी.