बंद मॉनिटरवरची रोझरी

अपडेट या शब्दाचा मला मनापासून राग आहे. आदल्या दिवशी नीट चालणारा कॉम्प्युटर सकाळी अपडेट घेतो आणि जोडलेला मॉनिटर काळाठिक्कर. मॉनिटर चालवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, नेमका तोच बिघडतो. मग लोक मला सांगतात, "सुमेधा, आम्ही काहीच केलं नाही गं." आणि खरंच केलेलं नसतं. वसईत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, रोजचं रडगाणं आहे हे. म्हणून सांडोरहून इझाबेल आंटींचा फोन आला तेव्हा मी जुन्या ड्रायव्हरची सीडी पिशवीत टाकली आणि चडफडत स्कूटर काढली. याच वर्षीची, २००७ ची गोष्ट, लोडशेडिंगचे दिवस.

आंटींचे मिस्टर लुईस अंकल वर्षभर अंथरुणाला खिळले होते. वाचा गेलेली. हलायचं ते उजव्या हाताचं एक बोट. मुलगा जॉयल कॅनडाला जायच्या आधी सोय करून गेला होता. पलंगाच्या पायथ्याशी भिंतीवर मोठा मॉनिटर, त्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, दर अक्षराला टक असा आवाज. हवं ते अक्षर आलं की अंकल बोटाखालचं बटण दाबायचे. टुक. असं करत ते बोलायचे. संध्याकाळची रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, तीही तेच चालवायचे. प्रार्थनेचे पहिले शब्द ते लिहीत आणि उरलेली अर्धी, उत्तराची, आंटी मोठ्यानं म्हणत. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन कधीच फुटलेली, त्यामुळे मॉनिटर गेला आणि माणूस मुका झाला.

पोचले तेव्हा दिवस मावळत होता. मागच्या केळीच्या वाडीतून ओल्या मातीचा वास घरात येत होता.

"आठवडा झाला बंद पडून," आंटी दारातच हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, मनाची तयारी ठेवा. एवढं करून दे बाय. मला त्याचं बोलणं एकदा ऐकायचंय."

"रोझरीचं काय करता मग?"

"बाहेरच्या खोलीत देवाच्या आल्तारासमोर बसून मनातल्या मनात म्हणते. त्याला दिसत नाही, लिहिता येत नाही. त्याच्यासमोर म्हणून त्याचा जीव कशाला दुखवू?"

आतल्या खोलीत मेणबत्तीचा आणि डेटॉलचा वास होता. मॉनिटर काळा, पण टक, टक चालूच होतं. अंकलचं बोट मधूनच बटण दाबत होतं.

"सवयीनं हलतं," आंटी म्हणाल्या.

मी जुना ड्रायव्हर घातला, मशीन पुन्हा चालू केलं. मॉनिटर उजळला. लिहिलेलं आपोआप साठून राहायचं, त्यामुळे आठवडाभराचा मजकूर समोर आला.

"नमो मरये कृपपूर्ण"

अंधारात, नुसते टक मोजून लिहिलेलं. चुका असणारच. आपण इथे अपडेटच्या नावानं बोटं मोडतोय आणि हा माणूस काही दिसत नसताना रोज प्रार्थना लिहितोय. मग मी खालची ओळ वाचली.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते..."

पूर्ण उत्तर. एकही चूक नाही. त्याखाली पुन्हा अंकलची चुकलेली ओळ, पुन्हा बिनचूक उत्तर. पानंच्या पानं. अगदी शेवटी होतं,

"लुसू, निघायचं ना?"

"इझशी बोलू द"

"बोल. मी थांबते."

"आंटी... हे कुणी लिहिलं?"

आंटींनी 'लुसू' या शब्दावर बोट ठेवलं. "त्याला लुसू एकटी रिटा म्हणायची. त्याची थोरली बहीण."

"कुठे असतात त्या?"

"चर्चच्या कबरस्थानात."

तेवढ्यात अंकलचं बोट हललं. आता दिसत होतं, म्हणून ते सावकाश, नीट लिहीत होते.

"इझा, तू उत्तर देईनास. तिनं दिलं."

आंटी पलंगाच्या कडेला बसल्या. "चुकलंच माझं, लुईस. मी आहे ना. आता मीच देते."

अंकलनी लिहिलं, "नमो मरिये." आंटींनी उत्तर दिलं. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. पुन्हा त्यांनी लिहिलं, पुन्हा आंटी म्हणाल्या. मध्येच लाइट गेली. मॉनिटर विझला. लॅपटॉप बॅटरीवर होता, म्हणून टक, टक चालू राहिलं.

"सुमेधा..." आंटी अंधारातून म्हणाल्या. "त्याचे दोन्ही हात माझ्या हातात आहेत गं."

टक... टक... टुक.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. टुक, टुक भराभर येत होतं, सरावाच्या हातानं लिहावं तसं. आंटी त्या आवाजाच्या वर आवाज चढवून उत्तर म्हणत होत्या. लाइट आली तेव्हा अंकल गेले होते.

मातीनंतर आंटींनी ते मशीन काढू दिलं नाही. मग मीच त्यातले अपडेट बंद केले आणि वर इंटरनेटची वायरही उपटून घरी आणली. म्हटलं, आता म्हातारीला त्रास नको.

त्याला महिना झाला, आणि आज मघाशी त्यांचा फोन आला.

"सुमेधा, मॉनिटर परत काळा झालाय. अपडेट झाला असं लिहून आलं, आणि गेला."

"आंटी, तो चालू कशाला ठेवता तुम्ही?"

"रोझरी मी सुरू करते. उत्तर येतं ते वाचायला नको?"

"रिटाताईंचं?"

"नाही गं." त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "या उत्तरांत चुका असतात."

फोनमधून टक, टक ऐकू येत होतं.

"शेवटी त्यानं काहीतरी विचारायला घेतलं होतं. 'इझ, निघ' एवढंच दिसलं आणि अंधार झाला. लवकर ये बाय. त्याला माझं उत्तर हवंय."

सीडी पिशवीत आहे. स्कूटरची किल्ली हातात आहे. आणि त्यांच्या घरून आणलेली इंटरनेटची वायर समोर खिळ्याला टांगलेली आहे, मी ठेवली होती तशीच.